इटालियन शिकण्यासाठी पेरूजा, सिएना की फ्लॉरेन्स? एका सत्राच्या अभ्यासक्रमाविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न: पंचगंगाकाठ

नमस्कार. मी कोल्हापूरची असून मराठीत एम. ए. केल्यानंतर गेली चार वर्षे अनुवादाचे काम करते आहे. आतापर्यंत इटालियन लेखकांच्या काही कथा मी मराठीत आणल्या, पण त्या सगळ्या इंग्रजी अनुवादांवरून. मूळ वाक्य कसे वळले असेल, पात्रे एकमेकांना अरे-तुरे करतात की अहो-जाहो, हे इंग्रजीत दिसतच नाही आणि मराठीत तर ते पहिल्याच ओळीत ठरवावे लागते. म्हणून इटालियन भाषा थेट शिकायची, असे मी ठरवले आहे. गेले आठ महिने ऑनलाइन वर्ग करून मी ए-२ पातळीपर्यंत, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांपैकी दुसरीपर्यंत, आले आहे.

पुढच्या वर्षी पाच-सहा महिने इटलीत राहून शिकता येईल एवढी बचत झाली आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पेरूजा आणि सिएना या दोन्ही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सरकारी विद्यापीठे आहेत. तिसरा पर्याय फ्लॉरेन्सचा. तिथे अनेक अमेरिकी विद्यापीठांची केंद्रे असून इटालियन भाषा आणि संस्कृती असा एकत्रित कार्यक्रम ती चालवतात. एका सल्लागाराने मला सांगितले की सिएनाचे इटालियन सर्वांत शुद्ध असल्यामुळे तिथेच जावे. हे कितपत खरे आहे? सुट्टीचा हंगाम म्हणून मी जुलैमध्ये निघण्याचा विचार करते आहे, तो योग्य आहे का? आणि मराठी मातृभाषा असल्याचा या शिक्षणात काही उपयोग होतो का, की इंग्रजीच्या आधारानेच पुढे जावे लागते?

उत्तर १: डोंगरउतार

मी पेरूजाच्या विद्यापीठात दोन सत्रे शिकलो आहे, त्यामुळे माझे मत त्या गावाकडे झुकणार हे आधीच सांगतो.

हे विद्यापीठ १९२१मध्ये आस्तोर्रे लुपात्तेल्ली या वकिलांनी सुरू केलेल्या उच्चशिक्षणाच्या वर्गांतून उभे राहिले आणि १९२५मध्ये राजाज्ञेने त्याला विद्यापीठाचे रूप मिळाले. रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या काळातील प्रचंड दगडी कमानीसमोरच्या अठराव्या शतकातील वाड्यात, म्हणजे पालात्सो गाल्लेंगा स्टुअर्टमध्ये, त्याचे मुख्य ठिकाण आहे. प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन पातळी ठरवतात आणि तिथून पुढे दररोज काही तास व्याकरण, संभाषण आणि उच्चार यांचे वर्ग असतात. वरच्या पातळ्यांवर साहित्य, कलेचा इतिहास, संगीत अशा विषयांची व्याख्याने इटालियनमधूनच मिळतात. तुम्हाला खरे तर तेच हवे आहे, आणि म्हणूनच ए-२ पातळीवर निघू नका असे माझे कळकळीचे सांगणे आहे. ए-२वर पोहोचलेल्या माणसाचे पहिले तीन महिने जे कोल्हापुरात बसूनही शिकता आले असते ते शिकण्यात जातात आणि व्याख्याने ऐकून समजू लागतात तेव्हा परतीचे तिकीट जवळ आलेले असते. माझे नेमके असेच झाले, म्हणून मला घरी पैसे मागून दुसरे सत्र घ्यावे लागले. बी-१ पक्की करून गेलात तर तेच पाच महिने दुप्पट मोलाचे ठरतील.

जुलैविषयी. उन्हाळ्यात भाषेच्या वर्गांना जगभरातून गर्दी होते, मात्र त्याच वेळी इटालियन विद्यार्थी परीक्षा आटोपून आपापल्या गावी जातात आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सुट्टीच्या सणाच्या आसपास तर निम्मी दुकाने बंद असतात. अशा वेळी वर्गातील सोबती कोण, तर ब्राझील, चीन, जर्मनी, पोलंड इथून आलेले, आणि त्यांच्याशी बोलायची भाषा कोणती, तर इंग्रजी. सकाळी चार तास इटालियन आणि उरलेला दिवस इंग्रजी अशाने भाषा अंगवळणी पडत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा फेब्रुवारी ते मे या काळात जावे. पेरूजात १३०८ सालापासूनचे दुसरे, इटालियन विद्यार्थ्यांचे मोठे विद्यापीठही आहे. त्यामुळे त्या महिन्यांत गाव तरुण मुलांनी भरलेले असते आणि खोली भाड्याने घेताना इटालियन सोबती मिळणे शक्य होते. मी पहिल्या सत्रात एका भारतीय आणि एका इराणी मुलाबरोबर राहिलो. दुसऱ्या सत्रात मात्र आब्रुत्सोहून आलेल्या दोन मुलांच्या घरात गेलो. माझी भाषा जी सुधारली ती त्या स्वयंपाकघरात, भांडी कोणी घासायची या रोजच्या वादात.

विषयाला धरूनच एक गोष्ट सांगतो, कारण ती मला तिथे गेल्यावर कळली. पेरूजाच्या उत्तरेला, वरच्या तिबेर नदीच्या खोऱ्यात मोंतोने नावाचे छोटे गाव आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यातील लढाईत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेमध्ये २०२३ साली त्यांचे स्मारक उभारले गेले आहे, आणि ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. मी तिथे पोहोचलो तेव्हा बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मी कुठला हे विचारले. मग अर्धा तास आम्ही युद्धाविषयी बोललो. तोपर्यंतच्या माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब इटालियन संवाद होता.

उत्तर २: तीनतेरा_तीस

मी सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठातून दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतली आहे, म्हणून 'शुद्ध' इटालियनच्या मुद्द्यावर लिहिते.

प्रमाण इटालियनचा पाया चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या लिखित भाषेत आहे, हे खरे आहे. १५८३मध्ये फ्लॉरेन्समध्ये स्थापन झालेल्या क्रुस्का अकादमीने १६१२मध्ये जो शब्दकोश छापला त्यानेही हाच पाया भक्कम केला. मात्र १८६१मध्ये इटली एकत्र आली तेव्हा ही भाषा बोलू शकणारे लोक किती होते, यावर अभ्यासकांमध्ये अडीच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत असा मतभेद आहे. बाकी सगळे आपापल्या बोली बोलत. म्हणजे आज जे प्रमाण इटालियन आपण शिकतो ते शाळा, सैन्य, वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी देशभर पोहोचवलेले आहे. ते कोणत्याही एका गावाच्या चौकात जसेच्या तसे ऐकू येत नाही. सिएनातही नाही. तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना ज्या विभागात येतात तिथे, दोन स्वरांमधला 'क' घशातून 'ह'सारखा निघतो, त्यामुळे 'ला कासा' म्हणजे 'घर' हे शब्द 'ला हासा' असे कानावर पडतात आणि पहिले काही आठवडे नवख्या माणसाला बाजारात काहीही कळत नाही. पुण्याची मराठी शुद्ध असे म्हणणारा माणूस पुण्याच्या मंडईत जाऊन उभा राहिला तर त्याला जो अनुभव येईल तसाच हा अनुभव आहे. तेव्हा शुद्धतेच्या कारणासाठी सिएना निवडू नका. निवडायचेच असेल तर तिथल्या अध्यापनासाठी निवडा.

सिएनाचे वर्ग १९१७पासून चालत आले आहेत आणि त्यांना स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा १९९२मध्ये मिळाला. परकी भाषा म्हणून इटालियन कशी शिकवावी, या विषयात या संस्थेचे काम फार मोठे आहे. 'चिल्स' ही भाषेची प्रमाणपत्र परीक्षा आणि इटालियन शिकवू इच्छिणाऱ्यांसाठीची 'दितल्स' परीक्षा या दोन्ही सिएनाच्याच. पेरूजाची परीक्षा 'चेली', दान्ते अलिगिएरी सोसायटीची 'प्लिदा' आणि रोमच्या तिसऱ्या विद्यापीठाचीही एक आहे. या चारही परीक्षांना इटलीत मान्यता असल्यामुळे तुम्ही ज्या गावी शिकाल तिथली द्या, त्यात अडून राहण्यासारखे काही नाही.

अनुवाद हेच तुमचे ध्येय असेल तर मी एक वेगळाच पर्याय सुचवेन. पाच महिन्यांचा भाषावर्ग करून परत या, बी-२चे प्रमाणपत्र मिळवा आणि नंतर दोन वर्षांच्या पदवीसाठी अर्ज करा. भाषावर्गाला विभागीय सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ती मिळू शकते आणि त्यात शुल्कमाफी, वसतिगृह व भोजन यांचा समावेश असू शकतो. इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्यांवरही दरवर्षी लक्ष ठेवावे. मी स्वतः विभागीय शिष्यवृत्तीवर शिकले. माझ्या वडिलांची सातारा जिल्ह्यातील शेती आणि त्यांच्या उत्पन्नाचा दाखला यांची कागदपत्रे इटालियनमध्ये अनुवादित करून घेण्यात एक उन्हाळा गेला, पण त्या कागदांनीच मला दोन वर्षे तिथे ठेवले.

पदवीच्या परीक्षा बहुतेक तोंडी असतात, आणि त्या आपल्या पद्धतीपेक्षा इतक्या निराळ्या आहेत की त्यांच्याविषयी लिहायलाच हवे. प्राध्यापकांसमोर खुर्चीत बसायचे, मागे बाकीचे विद्यार्थी ऐकत असतात, आणि वीस-पंचवीस मिनिटे एखाद्या विषयावर सलग बोलायचे. गुण तीसपैकी देतात, अठराला उत्तीर्ण. दिलेले गुण मान्य नसतील तर विद्यार्थी ते नाकारून पुढच्या वेळी पुन्हा बसू शकतो. पहिल्या परीक्षेत मला बावीस मिळाले आणि मी ते निमूटपणे घेतले, कारण नाकारता येतात हेच मला ठाऊक नव्हते. ज्या भाषेत आपण घाबरलेले असताना वीस मिनिटे मुद्देसूद बोललो ती भाषा नंतर परकी राहत नाही, हा माझा अनुभव आहे. भाषावर्गात ही कसोटी लागत नाही.

उत्तर ३: बोलोन्याकर

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे बोलोन्यात राहतो आणि नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना कागदपत्रांत मदत करतो. तेवढ्यापुरतेच लिहितो.

अभ्यासक्रम नव्वद दिवसांपेक्षा मोठा असेल तर 'डी' प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. पदवीसाठी आधी 'युनिव्हर्सिताली' या सरकारी संकेतस्थळावर पूर्वनोंदणी करावी लागते. भाषावर्गासाठी विद्यापीठाच्या प्रवेशपत्रात कालावधी आणि आठवड्याचे तास स्पष्ट लिहिलेले असावेत. बँकेत दाखवायची रक्कम दरवर्षी बदलते, म्हणून ती अर्ज करण्याच्या वेळी वाणिज्य दूतावासाकडूनच घ्यावी.

पोहोचल्यावर कामाच्या आठ दिवसांच्या आत 'पेरमेस्सो दी सोज्जोर्नो', म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. पोस्टात त्याचे पाकीट मोफत मिळते. ते भरून, १६ युरोचे मुद्रांक लावून तिथेच द्यायचे. वर्षभराच्या आतील परवान्याला सगळे मिळून सुमारे ११६ युरो लागतात. पोस्ट जी पावती देते ती जिवापाड जपा, कारण पुढे पोलिसांकडे बोटांचे ठसे देण्याची तारीख आणि प्रत्यक्ष कार्ड यात कित्येकदा महिने जातात आणि तोवर तीच तुमची ओळख असते. त्या पावतीच्या भरवशावर व्हिसाची मुदत संपल्यावर पॅरिस किंवा बर्लिनला जाऊ नये. 'कोदिचे फिस्काले' हा सोळा अक्षर-अंकांचा करक्रमांक कर कार्यालयात फुकट मिळतो आणि खोलीच्या करारापासून फोनच्या सिमपर्यंत सगळीकडे लागतो.

आरोग्याच्या बाबतीत पुष्कळजण फसतात. सरकारी आरोग्यसेवेत विद्यार्थ्याची ऐच्छिक नोंदणी २०२४पासून ७०० युरो झाली असून ती जानेवारी ते डिसेंबर अशी असते. ऑक्टोबरमध्ये नोंदणी केली तरी पूर्ण ७०० युरो देऊन तीन महिन्यांचाच लाभ मिळतो. एका सत्रासाठी जाणाऱ्याने परवान्यासाठी चालेल असा खाजगी विमा घेणे बरे. अभ्यासाच्या परवान्यावर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. पण भाषा कच्ची असताना मिळणारे काम बहुधा जिथे कोणी बोलत नाही अशा ठिकाणचे असते, तेव्हा खर्चाचा हिशेब त्यावर बसवू नका.

फ्लॉरेन्समधील अमेरिकी केंद्रांविषयी एवढेच सांगतो की त्यांतली काही फार जुनी आणि चांगली आहेत. सिराक्यूज विद्यापीठाचे केंद्र १९५९पासून आहे. पण ती मुळात त्यांच्या आपल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतील पदवीचे गुणांक मिळावेत म्हणून चालतात, त्यांचे शुल्क अमेरिकी दराचे असते आणि बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जातात. तुमच्या प्रश्नात जो हेतू आहे त्याच्याशी याचा मेळ बसत नाही.

उत्तर ४: दोनचकार

मी मुंबईत इटालियन शिकवते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे आतापर्यंत कोणी वळले नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. इंग्रजीचा आधार सोडून द्या. मराठी माणसाने इटालियन मराठीतूनच शिकावे, असे मी वर्गात पहिल्या दिवसापासून सांगते.

'मी प्याचे' म्हणजे 'मला आवडते' हे उदाहरण घ्या. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी 'मी आवडतो' अशा उलट्या रचनेत अडकतो आणि महिनाभर चुकत राहतो. आपण मात्र 'मला भात आवडतो, मला पोळ्या आवडतात' असेच बोलतो. आवडणारी वस्तू कर्ता, तिच्या वचनाप्रमाणे क्रियापद, आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत. इटालियनमध्ये एका वस्तूला 'मी प्याचे' आणि अनेक वस्तूंना 'मी प्याच्चोनो', म्हणजे जशीच्या तशी हीच रचना आहे. 'मी सेर्वे' म्हणजे 'मला लागते', तेही तसेच. भूतकाळात 'मी गेले' आणि 'मी गेलो' हा फरक आपण न शिकता करतो. इटालियन बाई 'सोनो आंदाता' म्हणते आणि पुरुष 'सोनो आंदातो'. 'ती चिठ्ठी मी वाचली' या वाक्यात 'वाचली' हे रूप चिठ्ठीवरून ठरते, वाचणाऱ्यावरून नाही. इटालियनमध्येही कर्माच्या जागी सर्वनाम आले की 'लो लेत्ता' असे स्त्रीलिंगी रूप होते. तिथे क्रियापद कर्माप्रमाणे का वळते, हे इंग्रजी भाषकाला नियम म्हणून पाठ करावे लागते.

उच्चारांत तर आपल्यासारखे भाग्यवान कोणी नाही. आपल्याकडे 'चमचा'तला च वेगळा आणि 'चहा'तला वेगळा, 'जग'मधला ज वेगळा आणि 'जीवन'मधला वेगळा. 'पित्सा' आणि 'ग्रात्सिए' यांत चमच्याचा च आहे, 'चेना' म्हणजे रात्रीचे जेवण यात चहाचा. 'जेरो' म्हणजे शून्य हा शब्द रोमन लिपीतील 'झेड'ने सुरू होतो, पण त्यात जगाचा ज येतो. विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवून दिले की 'ग्राझिए' म्हणणे कायमचे सुटते. जोडाक्षरांचेही तसेच. पत्ता, रस्सा, अन्न म्हणणाऱ्या जिभेला 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा हा भेद सहज साधतो, आणि तो साधला नाही तर अर्थ बदलतो.

जिथे आपण चुकतो ती जागा म्हणजे ट आणि ड. इंग्रजी शब्दांच्या सवयीने आपण 'टुट्टो' म्हणतो. इटालियन त आणि द दातांचे आहेत, तेव्हा 'तुत्तो'. रोमन लिपीतील 'टी' दिसली की ट उच्चारायचा, ही सवय मोडायला काही विद्यार्थ्यांना वर्ष लागते. 'ल्यि' हा तालव्य ल मात्र ल नाही आणि ळ तर मुळीच नाही, तो इटालियन माणसाच्या तोंडाकडे पाहूनच शिकावा. पुढे कधी सिसिलीत गेलात तर 'बेड्डु' म्हणजे सुंदर यासारख्या शब्दांत आपल्या ड-सारखा उच्चार ऐकून तुमचे कान टवकारतील.

तुम्ही अरे-तुरे आणि अहो-जाहोचा उल्लेख केला आहे. इटालियनमध्ये आदरार्थी संबोधन 'लेई' आहे, ज्याचा मूळ अर्थ 'ती', आणि त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. आपल्याकडे आदर म्हणजे अनेकवचन, त्यामुळे मराठी विद्यार्थी नकळत 'वोई', म्हणजे अनेकवचनी 'तुम्ही', वापरतात. दक्षिणेत वडीलधाऱ्यांना 'वोई' आजही म्हणतात, पण प्रमाण वापरात ते चालत नाही. अनुवाद करताना कोण कोणाला कधी 'लेई'वरून 'तू'वर आले, हे वाक्य तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी शोधता येईल. त्या एका कारणासाठी तुमचा सगळा खर्च मी योग्य समजते.

आपल्याकडील भाषा आणि इटालियन यांच्या नात्याकडे सर्वांत आधी लक्ष गेलेल्यांत फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती होता. तो १५८०च्या दशकात कोची आणि गोव्यात राहिला आणि १५८८मध्ये गोव्यातच वारला. त्याने मायदेशी लिहिलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियनमधील देव, सर्प आणि सहा, सात, आठ, नऊ या अंकांच्या शब्दांतील साम्य नोंदवले आहे. 'सेत्ते, ओत्तो, नोवे' हे सात, आठ, नऊच्या शेजारी म्हणून पाहा.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'मला आवडते' वाचून मी वही काढून गेल्या आठ महिन्यांतील सगळी वाक्ये पुन्हा मराठीतून लावून पाहिली, आणि इंग्रजीतून न कळलेल्या तीन गोष्टी एका संध्याकाळी उलगडल्या. जुलैचा बेत सोडला आहे. डिसेंबरपर्यंत बी-१ पूर्ण करून फेब्रुवारीत पेरूजाला जावे आणि परतल्यावर सिएनाच्या पदवीचा विचार करावा, असे ठरते आहे. घरच्यांचा आग्रह असा आहे की खोलीपेक्षा एखाद्या इटालियन कुटुंबात राहावे. त्याविषयी आपले काय मत आहे?

डोंगरउतार

पहिला महिना कुटुंबात राहा, म्हणजे घरच्यांचीही काळजी मिटेल आणि गावही कळेल. त्या महिन्यात इटालियन विद्यार्थ्यांच्या घरातील खोली प्रत्यक्ष पाहून ठरवा. न पाहता आगाऊ पैसे पाठवू नका. कुटुंबातील आजी तुमच्याशी सावकाश आणि नीट बोलेल, ते सुरुवातीला हवेच असते. पण विद्यार्थी एकमेकांशी ज्या वेगाने बोलतात तो कानाला लागण्यासाठी त्यांच्यात राहावे लागते. जाहिरातीत 'स्तान्त्सा सिंगोला' म्हणजे स्वतंत्र खोली आणि 'पोस्तो लेत्तो' म्हणजे दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेल्या खोलीतील एक पलंग. भाड्यात 'स्पेझे' म्हणजे घराचे वरखर्च धरले आहेत का, हे आवर्जून विचारा, कारण पेरूजा डोंगरावर आहे आणि फेब्रुवारीत घर तापवण्याचा खर्च वेगळा आला तर तो लहान नसतो. करार नोंदणीकृत असावा, त्याची प्रत परवान्याच्या वेळीही उपयोगी पडते. आणि तिथली पाव-भाकरी बिनमिठाची असते, सुरुवातीला चुकून मीठ विसरले असे वाटेल. उंब्रियात, म्हणजे पेरूजाच्या विभागात, ती अशीच करतात.